सायडर निवड समिती, दर्पण कॉलनी

ग्वाल्हेरात काय प्यायचं हे ऋतू ठरवतो, किती प्यायचं हे डॉक्टर ठरवतात, कुठे प्यायचं हे सरकार ठरवतं आणि कोणाबरोबर प्यायचं नाही हे घरची मंडळी ठरवतात. उरलेलं सगळं स्वातंत्र्य पिणाऱ्याचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की पन्हं, होळीच्या सुमारास कांजी, पावसात चहा, आणि पौषात धुक्यामुळे थाटीपूरचा चौराहा दिसेनासा झाला की आमच्या पिढीत ज्याला नुसतं ‘बसणं’ म्हणतात ते. शिंद्यांच्या फौजेबरोबर मराठी माणूस इथे आला तो घोड्यावर बसून. आता घोडा गेला.

यात सरकारचं नाव उगाच घेतलेलं नाही. 1956 साली नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, आणि रुसलेल्या ग्वाल्हेरच्या पदरात महसूल मंडळ, परिवहन आयुक्त आणि आबकारी आयुक्त अशी कार्यालयं पडली. म्हणजे अख्ख्या राज्यातल्या दारूचा कागद आमच्या मोती महालातून हलतो. एवढा मान मिळालेल्या शहरात पिणाऱ्यांची चैन असायला हवी होती. पण दिव्याखाली अंधार असायचाच. एप्रिल 2023 मध्ये दुकानांना लागून असलेले, बसून प्यायचे अहाते बंद झाले. एप्रिल 2025 पासून 17 धार्मिक गावांत दुकानंच बंद झाली, त्यात शेजारचं दतियाही आलं. त्याच धोरणात, 10 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली पेयंच मिळतील अशा सौम्य बारची सोयही ठेवली. सरकारच सौम्य व्हायला सांगतंय म्हटल्यावर आमच्यासारख्या पेन्शनरांनी विचार करणं भागच होतं.

दर्पण कॉलनीत आम्ही पाच जण. नावं सांगत नाही, कारण सगळ्यांच्या सुना मराठी वाचतात. एक सरदार: त्यांचे पूर्वज महादजींच्या फौजेत होते असं ते सांगतात. लष्कर भागातल्या जुन्या घरांत चौकशी केली, तर महादजींच्या फौजेत साधा शिपाई कोणी नव्हताच, सगळे सरदारच होते, असं निष्पन्न होतं. दुसरे ऑडिटर: एजी ऑफिसातून निवृत्त, पण आक्षेप काढण्याच्या कामातून नाही. तिसरे मास्तर: इतिहास शिकवायचे, अजून शिकवतात, फक्त आता विद्यार्थ्यांना पळता येत नाही. चौथे डॉक्टर. पाचवा मी, बँकेतला. मला मत विचारलं जात नाही, पण वर्गणी माझ्याकडे जमा होते.

आता, व्हिस्कीच्या बैठकीत लोकशाही नसते. तिथे दरबार असतो. कोणाची बाटली किती वर्षांची, कोण पाणी घालतो, कोण सोडा घालतो, कोण काहीच घालत नाही, यावरून बसायच्या जागा ठरतात. एक जण तरी जाणकार असतो. तो ग्लास उजेडात धरतो, नाकाशी नेतो आणि “धूर आहे याच्यात” म्हणतो. मग बाकीचे चौघेही धूर आहे असं म्हणतात. मला आजवर धूर लागलेला नाही, पण तसं म्हणायची माझी हिंमतही झालेली नाही. आमच्याकडे ही गादी सरदारांची. चाळीस-चाळीस वर्षं प्यायलेली माणसं आम्ही, पण चव म्हणून काय लागलं हे कोणी स्वतःच्या जिभेला कधी विचारलं नव्हतं. लेबल वाचता येत असताना जिभेला त्रास कशाला?

ही घडी मोडली ती डॉक्टरांनी. गेल्या हिवाळ्यात त्यांनी सर्वांचे रिपोर्ट बघून, कोणाचं यकृत, कोणाचा रक्तदाब अशी यादी वाचून दाखवली आणि व्हिस्की बंद केली. स्वतःचा रिपोर्ट त्यांनी दाखवला नाही. “मग बसायचं कशाला?” सरदारांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “गप्पा मारायला.” यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. व्हिस्कीशिवाय आमच्याकडे गप्पांचा साठा किती आहे, हे तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं.

तोडगा निघाला तो ब्रिस्टलहून. सरदारांची लेक तिथे नोकरी करते. सरदार आणि वहिनी उन्हाळ्यात तिच्याकडे निघालेच होते. फोनवर तिने बापाचा केविलवाणा स्वर ऐकला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही सायडर का नाही घेत? सफरचंदाची असते. चार-सहा टक्केच. इथे तर शेतकरी पितात. परत जाताना काकांसाठीही घेऊन जा. कुठली हवी ते ठरवून सांगा.”

तिने ‘ठरवून सांगा’ हे दोन शब्द दर्पण कॉलनीत उच्चारायला नको होते.

पहिला ठराव असा झाला की परदेशी माल मागवण्याआधी स्थानिक बाजारात चौकशी करावी. हे ऑडिटरांचं म्हणणं. कोटेशन घेतल्याशिवाय त्यांनी कधी पेन्सिलसुद्धा घेतली नाही. आम्ही एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाला सरदारांनी दरबारी हिंदीत विचारलं, “भैया, सायडर मिलेगी?” मुलगा आत जाऊन ॲपी फिझ घेऊन आला. “ये पार्टी में सब ले जाते हैं, अंकल. बोतल भी शैंपेन जैसी है.” दुसरीकडे किराणा दुकानदाराने विचारपूस न करता सफरचंदाच्या शिरक्याची बाटली पुढे ठेवली आणि सरदारांच्या पोटाकडे पाहून आपुलकीने म्हणाला, “खाली पेट, एक ढक्कन, गरम पानी में. दो महीने में फरक दिखेगा.” सरदार उंचीने आणि रुंदीने मोठे आहेत. ते गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “ब्रिस्टलहूनच आणू.”

खरं तर तो दुकानदार शास्त्राला धरूनच होता. फळाच्या रसाला स्वभावतःच एक ओढ असते. रस काढून ठेवला की हवेतलं, सालीवरचं यीस्ट त्यातली साखर खायला बसतं आणि दारू करतं. आणखी दुर्लक्ष केलं की दुसरे जंतू त्या दारूचा शिरका करतात. सायडर म्हणजे या प्रवासातलं मधलं स्टेशन. त्याच स्टेशनावर उतरायचं असतं. महाराष्ट्रात पहाटे उतरवलेली नीरा दुपारपर्यंत ताडीच्या वाटेला लागते, गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आधी निरो, मग आंबून-गाळून हुर्राक आणि पुढे फेणी होतो. सगळी एकाच कुळातली मंडळी, फक्त कोण कुठे उतरलं एवढाच फरक.

लेकीने मग व्हॉट्सॲपवर लेबलांचे फोटो पाठवायला सुरुवात केली, आणि समितीचं कामकाज रीतसर सुरू झालं.

मास्तरांनी पार्श्वभूमी मांडली. त्यांच्या कुठल्याही विषयाची पार्श्वभूमी निदान तीनशे वर्षं मागे जाते. आपण खातो ते सफरचंद आणि सायडरचं सफरचंद या दोन वेगळ्या गोष्टी, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. आपल्याकडे शिमल्याच्या पेट्यांतून येतं ते बहुतेक डिलिशस जातीचं. सॅम्युअल स्टोक्स नावाचा एक अमेरिकन 1904 साली हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला, कोटगढला राहिला, आणि 1916 मध्ये त्याने तिथे रेड डिलिशसची रोपं लावली. पुढे तो गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेला, आर्य समाजाच्या मार्गाने सत्यानंद झाला, आणि हिमाचलच्या डोंगरांना मात्र कायमचं सफरचंद देऊन गेला. “फळ गोड, रंग लाल, स्वभाव मवाळ,” मास्तर म्हणाले. “पण सायडरला मवाळ फळ चालत नाही. त्याला आंबट लागतं, आणि त्याहून जास्त तुरट लागतं.”

1903 साली ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे सायडर आणि फळांची एक संशोधन संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी सायडरच्या सफरचंदांच्या चार जाती लावून दिल्या: गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट. या कडूगोड-कडूआंबट फळांना चावा घेतला तर माणूस थुंकतो. त्यांच्यातलं टॅनिन जिभेवर बसतं. पण तेच टॅनिन रस आंबल्यावर सायडरला अंग देतं. सॉमरसेटमधलं किंग्स्टन ब्लॅक हे त्यातलं नामांकित फळ, टाँटनजवळच्या किंग्स्टन गावावरून नाव पडलेलं. ते एकटं घेऊनही चांगली सायडर होते अशी त्याची कीर्ती. एरवी चार जातींचं मिश्रण करावं लागतं.

“म्हणजे खायला नालायक ते प्यायला लायक,” सरदारांनी सारांश काढला.

“सेवापुस्तिकेत असे पुष्कळ पाहिले,” ऑडिटर म्हणाले.

ऑडिटरांनी सगळ्या लेबलांचा तक्ता केला. बाटलीचा आकार, टक्केवारी, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात प्रति मिलिलिटर अल्कोहोलमागे पडणारे पैसे. त्या हिशेबाने सुपरमार्केटातला निळा डबा पहिला आला. लेकीने कळवलं, “काका, तो नका घेऊ. त्यात रस फार कमी असतो.” ऑडिटरांनी चौकशी केली तर खरंच विलायतेत, रस किमान 35 टक्के असला की मालाला सायडर म्हणता येतं, असा 2010 पासूनचा नियम निघाला. बाकी पाणी आणि साखर चालते. ऑडिटर हबकले. “म्हणजे 65 टक्के खर्च ज्याचा हिशेब लागत नाही, तो मंजूर?” त्यांनी तक्त्यात नवा रकाना काढला: ‘रस, शेकडा’. ज्या लेबलावर नुसता सफरचंदाचा रस, पाणी नाही, काँसंट्रेट नाही, असं लिहिलेलं नव्हतं, ते प्रत्येक लेबल त्यांनी लाल पेन्सिलने बाद केलं. पारंपरिक सायडर निवडण्याचा याहून चांगला नियम मी अजून ऐकलेला नाही, आणि तो एका शाकाहारी, निर्व्यसनी घरातल्या ऑडिटरने काढला.

इथे मास्तरांनी 1763 काढलं. हे साल आम्हाला राक्षसभुवनाच्या लढाईचं म्हणून पाठ होतं. पानिपतानंतर दोनच वर्षांत पेशव्यांनी निजामाला हरवलं ते. “त्याच साली इंग्लंडात सायडरवर कर बसला,” मास्तर म्हणाले. सात वर्षांचं युद्ध महागात गेलं होतं, तिजोरी भरायची होती, म्हणून पंतप्रधान लॉर्ड ब्यूट याच्या सरकारने घरी सायडर गाळणाऱ्या शेतकऱ्यावरसुद्धा कर लावला. वसुलीसाठी अबकारी शिपाई थेट घरात शिरणार होता. सायडरच्या परगण्यांत दंगे झाले, पुतळे जाळले, थोरल्या पिटने पार्लमेंटात, गरिबाच्या झोपडीत राजालासुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही, अशा अर्थाचं भाषण ठोकलं. ब्यूटला खुर्ची सोडावी लागली आणि 1766 मध्ये तो कर रद्द झाला.

आम्ही सगळ्यांनी नकळत मोती महालाच्या दिशेला पाहिलं. डॉक्टरांनी सुचवलं की हा भाग इतिवृत्तात घेऊ नये.

सरदारांचे निकष वेगळे होते. त्यांना बाटली जड हवी, बुचावर तार हवी आणि उघडताना आवाज व्हायला हवा. “पाहुणे आलेत हे शेजाऱ्याला कळलं पाहिजे.” डॉक्टरांना साखर नको होती, पण साखर नसलेली, म्हणजे ड्राय, ती आंबट लागेल म्हणून त्यांना तीही नको होती. लेकीने समजावलं की फ्रान्समध्ये नॉर्मंडीला एक जुनी रीत आहे. रसातली यीस्टची शिदोरीच कमी करून ठेवतात, त्यामुळे आंबणं रेंगाळतं आणि फळाची मूळची साखर शिल्लक राहते; वरून साखर न घालता गोड, आणि अल्कोहोल कमी. डॉक्टरांनी ‘वरून साखर न घालता’ हे शब्द पकडून ती तत्काळ पथ्यात बसवली. रुग्णांना ही सवलत त्यांनी कधी दिली नव्हती.

मधेच पोटसूचना आल्या. माझ्या पुण्याच्या भाच्याने सुचवलं की विलायतेपर्यंत कशाला जाता, पुण्यात मूनशाइन मीडरी आहे, मधापासून मीड करतात, त्यात सफरचंदाचं सायडर-मीडही असतं. नाशिकला सेराना आहे. देशी, हलकं आणि मराठी मुलखातलं. सरदार म्हणाले, “पुण्याहून आलेलं काहीही आम्ही अडीचशे वर्षं मुकाट्याने ऐकत आलोय. प्यायलाही तेच?” दुसरी सूचना मास्तरांची: आपल्याच राज्यात अलिराजपूर आणि दिंडोरीला आदिवासी बचतगट मोहाची हेरिटेज मदिरा करतात, ती घ्यावी. ही सूचना तत्त्वतः सर्वानुमते मान्य झाली. आमच्याकडे तत्त्वतः मान्य झालेली गोष्ट फाइलमध्ये सुरक्षित राहते.

मग निघाला खरा प्रश्न: किती? एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू सीमाशुल्क न भरता आणता येते. सरदार अधिक वहिनी, चार लिटर. 750 मिलीच्या बाटल्या घेतल्या तर माणशी दोनच बसतात आणि लिटरभर सवलत वाया जाते. ऑडिटरांना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन: “चार मोठ्या, दोन लहान. 750 गुणिले चार, अधिक 500 गुणिले दोन. बरोबर चार हजार.” आवाजात असा कंप, की आर्किमिडीजही बहुधा कपड्यांसकट एवढा आनंदला नसता.

म्हणून सहा बाटल्या. चार मोठ्या: सरदारांसाठी किंग्स्टन ब्लॅकची, तारेच्या बुचाची, डॉक्टरांसाठी नॉर्मंडीची गोडसर, मास्तरांसाठी नासपतीची, जिला तिकडे पेरी म्हणतात, कारण त्यांना तुलनात्मक अभ्यास हवा होता, ऑडिटरांसाठी मिश्र फळांची मध्यम, कारण तिचं बिल सर्वांत सविस्तर होतं. आणि दोन लहान बाटल्या राहिल्या, त्यांत लेकीने आपल्या मनाने एका शेतावरची घरगुती, गढूळ, बुडबुडे नसलेली ड्राय सायडर भरली. ती आम्ही कोणी निवडली नव्हती. तो केवळ हिशेब पूर्ण करायला घेतलेला माल होता.

बाटल्या येईपर्यंत वाटायच्या कशा, यावर चर्चा चालू राहिली. या बाबतीत ग्वाल्हेरची परंपरा मोठी आहे. जयविलास महालाच्या भोजनगृहात टेबलावर रूळ टाकलेली चांदीची आगगाडी आहे. जेवण झालं की ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. पाहुण्याने पेयाची सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. माधवराव शिंदे महाराजांना रेल्वेचा शौक. संस्थानात त्यांनी दोन फुटी रुळांची खरी गाडी श्योपूरपर्यंत नेली, आणि पाहुण्यांची तहान भागवायला ही छोटी. सरदारांना ही व्यवस्था आदर्श वाटते. मला तिच्यातली एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे: गाडी कोणापुढे किती वेळ थांबली, हे सगळ्या टेबलाला दिसतं.

मास्तरांनी याच्या अगदी उलटी रीत सांगितली, स्पेनमधल्या आस्तुरियासची. तिथली सायडर-संस्कृती 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे वाढणारा बाटली डोक्याच्या वर हात ताणून धरतो, ग्लास मांडीजवळ, आणि वरून बारीक धार सोडतो. धार काचेवर आपटते, सायडरला फेस येतो, सुगंध उठतो. ग्लासात दोन घोटच घालतात. ते लगेच प्यायचे, बोलत बसायचं नाही. आणि सगळ्या कंपूत जुन्या रीतीने ग्लास एकच. पिणाऱ्याने तळाशी थोडी ठेवायची आणि जिथे ओठ लावला त्याच कडेवरून ती जमिनीवर ओतायची, म्हणजे पुढच्यासाठी काठ धुतला गेला.

“म्हणजे उष्टंच की!” ऑडिटर ओरडले. त्यांच्या घरी अजून पाण्याचा तांब्या वरून पितात. यावर धर्मशास्त्रीय चर्चा झाली. धार वरून येते म्हणजे बाटली उष्टी नाही, यावर एकमत झालं. ग्लासाचा काठ सायडरने धुतला तर शुद्ध होतो का, यावर दोन मतं पडली. अल्कोहोलने निर्जंतुक होतं असा दाखला मास्तरांनी दिला. सहा टक्क्यांत होत नाही, असा निकाल डॉक्टरांनी दिला. शेवटी धार वरून, ग्लास ज्याचा त्याचा, असा ग्वाल्हेरी मध्यममार्ग ठरला. धार धरायचा सराव सरदारांनी गच्चीवर पाण्याने सुरू केला. खालच्या बिऱ्हाडाने टाकी भरून वाहतेय असं समजून मोटर बंद केली.

सरदार-वहिनी जुलैत परतले. बिलं, पासपोर्टाच्या झेरॉक्सा आणि सीमाशुल्काच्या नियमाची प्रत ऑडिटरांनी लगेच फाइलला लावली, पानांवर क्रमांक घातले. बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या. फार गार करायची नाही, दहा-बारा अंशांवर द्यायची, असं लेकीने बजावलं होतं. बर्फासारखी गार केली की चवच बंद होते. बाहेर 38 अंश असताना दहा-बारा अंश कसे राखायचे यावर वेगळी उपसमिती नेमावी लागली.

बैठक नेहमीप्रमाणे पाच जणांची होती. सरदारांनी पहिल्या बाटलीची तार सोडवायला घेतली, तोच वहिनी बाहेर आल्या, मागे बाकीच्या चौघी. वहिनींच्या हातात ग्लासांचा ट्रे होता. त्यात दहा ग्लास होते.

“अहो, तुम्ही पण?” सरदार म्हणाले.

“यातलं दोन लिटर माझ्या पासपोर्टावर आलंय,” वहिनी म्हणाल्या. “ऑडिटर भावजी, बघा बरं फाइल.”

ऑडिटरांनी फाइल पाहिली. पान क्रमांक सात. वहिनींचा पासपोर्ट, वहिनींची दोन लिटर. त्यांना कुठेही आक्षेप काढता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आता दहा जणांत 750 मिली म्हणजे माणशी 75. एवढ्यात झिंग चढत नाही, म्हणून नाइलाजाने चवीकडे लक्ष द्यावं लागतं. किंग्स्टन ब्लॅकचं बूच छान आवाज करत उडालं, शेजारच्या गच्चीवरचा दिवा लागला, सरदार खूष. धार त्यांनी वरून सोडली. निम्मी ग्लासात, निम्मी माझ्या बाहीवर. आम्ही पाचही पुरुषांनी घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. कोणी तरी आधी बोलायला हवं होतं. धूर आहे म्हणावं, तर नव्हता. वय किती म्हणावं, तर लेबलावर नव्हतं. सरदार म्हणाले, “छान आहे.” मास्तर म्हणाले, “छानच.” डॉक्टर म्हणाले, “हलकी आहे.” मग आमचा शब्दसंग्रह संपला.

“आधी आंबट लागते, मग मागून तुरट येते,” डॉक्टरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. “आवळा खाल्ल्यावर येते तशी. पण आवळ्याला मागून गोडी येते, हिला नाही.”

“हिच्यात थोडं चामड्याचं काहीतरी आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “वाईट नाही. पण आहे.”

“ही नासपतीची लवकर संपते तोंडात. येते आणि जाते.”

“डॉक्टरांची गोड आहे, पण पाकाची गोडी नाही, फळाची आहे.”

आमच्या घरची म्हणाली, “रस पुरता आंबू दिला नाहीये. दोन दिवस आधी उतरवलाय.” नॉर्मंडीच्या रीतीबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आम्ही ऐकत राहिलो. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. या पाचही जणी दर फाल्गुनात काळ्या गाजराची कांजी घालतात. राई कुटून, मीठ लावून, बरणीला दादरा बांधून गच्चीवर उन्हात ठेवतात आणि रोज एक चमचा चाखून, आज उतरवायची की उद्या, हे ठरवतात. लग्न होऊन सासरी आल्यापासून त्यांचा हा आंबवण्याचा उद्योग मोती महालापासून काही मैलांवर, कुठल्याही परवान्याशिवाय, बिनबोभाट चालू आहे. आंबट किती, तुरट किती, झालं की बिघडलं, हे सांगायला त्यांना लेबल लागत नाही. आम्हाला मात्र इतकी वर्षं लेबलच पाजलं जात होतं. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा सुधारतो, असं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या गवयी इथे येतात. म्हणजे हे शहर मुळात आंबट-तुरटाची कदर करणारं. व्हिस्कीच्या नादात आम्हीच काय ते विसरलो होतो.

शेवटी त्या दोन लहान बाटल्या उघडल्या. गढूळ, तळाशी गाळ, बुडबुडा औषधाला नाही. “शिळी झालीय,” सरदार म्हणाले. वहिनींनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घोट घेतला. “ही खरी,” त्या म्हणाल्या. मग सगळ्यांनी घेतली. कोरडी, स्वच्छ आंबट, मागे दाट तुरट, आणि त्याहूनही मागे कुठेतरी सफरचंदाची साल. बरोबर मेतकूट लावलेले पोहे होते आणि भाजणीच्या चकल्या. चकलीनंतरचा घोट तर असा लागला, की ऑडिटरांनी पहिल्यांदाच कोणाचाही वाटा न मोजता ग्लास पुढे केला. त्या दोनच बाटल्या पूर्ण संपल्या. तारेच्या बुचाची किंग्स्टन ब्लॅक चतुर्थांश उरली होती. सरदारांनी ती ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून झाकून ठेवली.

नंतर गप्पा रंगल्या त्या मात्र विलक्षण. कोणी जाणकार नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. प्रत्येकाला आपापली जीभ होती आणि ती दोन्ही कामांना वापरली गेली. डॉक्टर बऱ्याच उशिरा उठले आणि जाता जाता आपला रिपोर्टही सांगून गेले. तो आमच्यापेक्षा वाईट होता.

इतिवृत्त ऑडिटरांनी लिहिलं. त्यातल्या शिफारशी इच्छुकांच्या सोयीसाठी देतो. एक: लेबलावर रसाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नसावं. दोन: खायला नालायक फळाची घ्यावी, गोड गोजिऱ्या फळाची नको. तीन: निदान एक तरी गढूळ, बिनबुडबुड्यांची असावी, तीच आधी संपते, म्हणून ती मोठ्या बाटलीत घ्यावी. चार: बर्फ घालू नये, घालणाऱ्यास पुढील बैठकीस बोलावू नये. पाच: माणशी 75 मिलीपेक्षा जास्त आल्यास चर्चेचा दर्जा घसरतो. सहा: निवड समितीत कांजी घालणाऱ्या किमान दोन व्यक्ती असाव्यात.

सातवी शिफारस मी सुचवली होती: सायडर कोणाबरोबर प्यायची आहे हे आधी पाहावं आणि मग निवडावी. ती ऑडिटरांनी खोडली. त्यांचा शेरा असा की सत्तरीत मित्र बदलण्याची तरतूद नाही, जे साठ्यात आहेत तेच चालवायचे आहेत. तेव्हा निवडीला वाव फक्त बाटलीच्या बाबतीत उरतो, आणि त्या बाबतीत समितीने कोणतीही हयगय करू नये.